मोटर ड्रायव्हर निवडताना आधी मोटर मोजा

छोटा रोबो करायला घेतला की चाकं, मोटर, बॅटरी, कंट्रोलर बोर्ड यांवर भरपूर विचार होतो. कंट्रोलरच्या हुकुमावर मोटरला वीज पुरवणारा मोटर ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा 'सगळे जो वापरतात तोच' म्हणून उचलला जातो. मग रोबो वळायला लागला की कंट्रोलर रीसेट होतो, चाकांना जोर येत नाही, चिपला बोट लावलं तर चटका बसतो, आणि चूक शोधली जाते कोडमध्ये. अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट सापडते: ड्रायव्हर निवडताना त्याचं नाव पाहिलेलं असतं, मोटर किती करंट ओढते ते पाहिलेलं नसतं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी मोटर, मग बॅटरी आणि शेवटी ड्रायव्हर, तर निवड फार सोपी होते.

आधी थोडक्यात, ड्रायव्हर लागतोच कशाला. अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी या चिपच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेणं सुरक्षित. ४० मिलिअँपिअर ही तिची कमाल मर्यादा, आणि तिथपर्यंत जायचंच नसतं. छोट्या रोबोंमध्ये सर्रास दिसणारी पिवळी गिअर मोटर चाकावर काहीही भार नसतानाही याच्या कितीतरी पट करंट घेते. त्यामुळे पिनने फक्त हुकूम द्यायचा आणि बॅटरीतून मोटरकडे जाणारा खरा प्रवाह दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचा, अशी वाटणी करावी लागते. दुसरं कारण म्हणजे मोटरच्या आत तारेची गुंडाळी असते. तिच्यातला प्रवाह एकदम तोडला की ती तो चालूच ठेवायला बघते आणि क्षणभर व्होल्टेज जोरात उसळतं. ती उसळी पिनपर्यंत पोचली तर चिप जाते. ड्रायव्हरमधले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तिला सुरक्षित वाट काढून देतात.

ड्रायव्हरच्या आत चार स्विच असतात. इंग्रजी एच अक्षर डोळ्यांसमोर आणा. दोन उभ्या दांड्यांवर वर-खाली एकेक स्विच, आणि मधल्या आडव्या दांडीवर मोटर. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा स्विच लावला तर मोटर एका दिशेने फिरते. उरलेले दोन लावले तर उलट्या दिशेने. चारही बंद ठेवले तर मोटर आपल्या वेगात घरंगळत थांबते. खालचे दोन्ही एकदम लावले तर मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात आणि तिला ब्रेक लागतो. एकाच दांडीवरचे दोन्ही स्विच कधीही एकदम लागता कामा नयेत, कारण मग बॅटरी थेट शॉर्ट होते. तयार चिपमध्ये याची काळजी आत घेतलेली असते. सुट्या ट्रान्झिस्टरपासून (हेच ते विजेने चालू-बंद होणारे स्विच) स्वतः ब्रिज बांधणाऱ्याने मात्र एक स्विच पूर्ण बंद होईपर्यंत दुसरा लागणार नाही, एवढी फट राखलीच पाहिजे. या रचनेला एच-ब्रिज म्हणतात. दोन चाकांच्या रोबोला असे दोन ब्रिज लागतात, म्हणून बहुतेक मॉड्यूलवर, म्हणजे चिप बसवलेल्या तयार बोर्डावर, दोन चॅनल असतात.

आता मोजमापाकडे.

मोटरवर किंवा तिच्या माहितीपत्रकात जो करंट ठळक छापलेला असतो, तो बहुधा मोकळं फिरतानाचा किंवा नेहमीच्या भाराचा असतो. ड्रायव्हर निवडायला तो उपयोगाचा नाही. आपल्याला हवा स्टॉल करंट, म्हणजे शाफ्ट अडकलेला असताना मोटर जेवढा ओढते तेवढा. फिरणारी मोटर स्वतःच एक उलटं व्होल्टेज तयार करत असते आणि तेच करंटला आवर घालतं. शाफ्ट थांबलेला असला की हा आवर नसतो. गुंडाळीचा रोध सोडला तर करंटला अडवायला काहीच उरत नाही. आणि लक्षात घ्या, मोटर सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी शाफ्ट थांबलेलाच असतो. त्यामुळे रोबो कुठे भिंतीला अडला नाही तरी प्रत्येक सुरुवातीला हा करंट थोडा वेळ वाहतोच. उभी गाडी ढकलून हलवताना पहिला जोर सगळ्यात जास्त लागतो, तसंच हे.

हा आकडा घरच्या मल्टिमीटरवर काढता येतो. मोटर सर्किटमधून सुटी करा आणि मीटर सर्वांत कमी ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून जो रोध दिसेल तो लिहून ठेवा, कारण तो तारांचा आहे आणि नंतर वजा करायचा आहे. मग मोटरच्या टोकांना तारा लावून रोध बघा. शाफ्ट हाताने किंचित फिरवा, पुन्हा बघा, पुन्हा फिरवा. मोटरच्या आत गुंडाळीला वीज पोचवणारे ब्रश कुठे टेकले आहेत त्यानुसार आकडा वरखाली होईल. शाफ्ट हलत असताना दिसणारे आकडे सोडून द्या. स्थिर असताना मिळालेल्यांपैकी सर्वांत कमी धरा. समजा तारांचा रोध वजा करून ४ ओहम आला. बॅटरी ६ व्होल्टची असेल तर स्टॉल करंट ६ भागिले ४, म्हणजे १.५ अँपिअर. हीच मोटर दोन लिथियम सेलवर चालवलीत, तर बॅटरी पूर्ण भरलेली असताना ८.४ व्होल्ट देते आणि स्टॉल करंट २.१ अँपिअरवर जातो. मोटर तीच, पण बॅटरी बदलताच ड्रायव्हरची गरज बदलली. म्हणून 'या मोटरला कोणता ड्रायव्हर' या प्रश्नाचं उत्तर बॅटरी ठरल्याशिवाय देता येत नाही.

यात आणखी दोन गोष्टी धरायला हव्यात. चार चाकांच्या रोबोत एका बाजूच्या दोन मोटर एकाच चॅनलला जोडतात. तिथे करंट सरळ दुप्पट धरायचा. दुसरं म्हणजे, पूर्ण वेगात असलेल्या मोटरला एकदम उलट दिशा दिली तर तिचं उलटं व्होल्टेज बॅटरीच्या बाजूने लागतं आणि करंट क्षणभर स्टॉलच्याही जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. याला मोठा ड्रायव्हर घेणं हा उपाय नव्हे. कोडमध्ये दिशा बदलण्यापूर्वी वेग उतरवा, थोडं थांबा आणि मग उलट चढवा. गिअरचे दातही वाचतात.

स्टॉल करंट हातात आला की ड्रायव्हरचा 'सतत' करंट बघायचा. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, दोन आकडे असतात: एक सतत झेपणारा आणि एक क्षणिक. विकताना मोठा आकडा पुढे केला जातो, पण तो काही मिलिसेकंदांचा असतो. माझं मत स्पष्ट आहे: जमेल तिथे सतत करंट स्टॉल करंटपेक्षा जास्त असावा. मग रोबो कोपऱ्यात अडकून चाकं रेटत बसला तरी ड्रायव्हरला काही होत नाही. ते जमत नसेल तर स्टॉलची वेळ येऊ न देण्याची किंवा करंट आवरण्याची काहीतरी सोय हवीच. ती कशी, ते पुढे येईल.

पण करंट झेपला म्हणजे ड्रायव्हर योग्य झाला असं नाही. तो स्वतः किती व्होल्टेज खातो, हेही तितकंच महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. एल२९८एन हे याचं ठळक उदाहरण. मोठा काळा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), निळे टर्मिनल, जिकडेतिकडे दिसणारं मॉड्यूल. त्यावरची चिप अनेक दशकांपूर्वीच्या रचनेची, बायपोलर ट्रान्झिस्टरवर चालणारी. बायपोलर ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असतानाही आपल्यापुरतं व्होल्टेज ठेवून घेतात, आणि एच-ब्रिजमध्ये करंट वरच्या आणि खालच्या अशा दोन स्विचमधून जातो. डेटाशीट सांगतं की १ अँपिअरला ही एकूण घट १.८ ते ३.२ व्होल्टच्या दरम्यान असते, आणि २ अँपिअरला ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकते.

याचा अर्थ नीट पाहू. चार रिचार्जेबल निकेल सेलची बॅटरी, ४.८ व्होल्ट. मोटर १ अँपिअर ओढते आहे. ड्रायव्हरने २ व्होल्ट ठेवून घेतले की मोटरपर्यंत २.८ पोचतात. बॅटरीतल्या ऊर्जेचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग चाक फिरवायला न जाता हीटसिंक तापवायला गेला. आता चाकं मरगळलेली वाटली तर नवल नाही, आणि अशा वेळी मोटर बदलून काही मिळत नाही. तोच एल२९८एन १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला तर मोटरला सुमारे १० व्होल्ट मिळतात आणि काम बरं चालतं. चिप वाईट नाही. ती ४६ व्होल्टपर्यंत चालते, दणकट आहे, ५ व्होल्टच्या कंट्रोलरशी सहज जुळते. पण चार-पाच व्होल्टच्या रोबोवर ती लावणं म्हणजे बॅटरी वाया घालवणं, आणि नवशिक्यांना पहिल्या रोबोसाठी हेच मॉड्यूल सुचवलं जातं याचं मला खरोखर वाईट वाटतं. पहिला रोबो जोमाने धावला पाहिजे.

नव्या ड्रायव्हरमध्ये मॉसफेट या दुसऱ्या जातीचे ट्रान्झिस्टर असतात. मॉसफेट चालू असताना छोट्या रोधासारखा वागतो, म्हणून त्यातली घट करंटच्या प्रमाणात असते. टीबी६६१२एफएनजी या तोशिबाच्या चिपमध्ये वरचा आणि खालचा स्विच मिळून रोध साधारण अर्धा ओहम. म्हणजे १ अँपिअरला घट अर्धा व्होल्ट आणि उष्णता अर्धा वॅट. त्याच करंटला एल२९८एन दोन वॅट किंवा त्याहून जास्त उष्णता काढते. एवढासा टीबी६६१२ हीटसिंकशिवाय कसा चालतो, याचं उत्तर या हिशोबात आहे.

छोट्या रोबोसाठी माझी पहिली पसंती हाच टीबी६६१२. प्रत्येक चॅनलला सतत १.२ अँपिअर, क्षणिक ३.२ अँपिअर, मोटरसाठी १३.५ व्होल्टपर्यंत चालवायची शिफारस आणि १५ व्होल्टची कमाल मर्यादा. कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असो वा ५ चा, दोन्ही चालतात. तीन लिथियम सेल पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट होतात. ते बसतात, पण ब्रेक लागताना व्होल्टेज वर उसळतं हे धरलं तर मोकळीक फार उरत नाही. दोन सेलवर मात्र निर्धास्त वापरावा.

डीआरव्ही८८३३ हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, याच वर्गातला. २.७ व्होल्टपासून चालतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. एका लिथियम सेलवर चालणाऱ्या चिमुकल्या रोबोला तोच योग्य. चॅनलला १.५ अँपिअर, क्षणिक २. पण वरची मर्यादा १०.८ व्होल्टची आहे, त्यामुळे तीन सेलची बॅटरी त्याला कधीही लावू नये. एल२९३डी जुना, त्यात डायोड आतच बसवलेले, ब्रेडबोर्डवर नीट बसतो म्हणून शिकवण्यासाठी अजून वापरला जातो. पण ६०० मिलिअँपिअरची मर्यादा आणि तीच बायपोलर घट, त्यामुळे रोबोसाठी मी तो घेणार नाही.

मोटर मोठ्या असतील, दहा-पंधरा अँपिअर ओढणाऱ्या, तर बीटीएस७९६० च्या जोडीवर बांधलेलं मॉड्यूल बघावं. एका मॉड्यूलवर एकच मोटर चालते, म्हणजे दोन चाकांना दोन मॉड्यूल. त्याची जाहिरात '४३ अँपिअर' अशी होते आणि इथे सावध राहायला हवं. ४३ हा चिपच्या आतल्या करंट-मर्यादेचा ठरावीक आकडा आहे. तिथे पोचल्यावर चिप स्वतःला वाचवायला हात आखडते. त्या छोट्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे, स्क्रू टर्मिनल आणि पातळ हीटसिंक एवढा करंट सतत वाहून नेऊ शकत नाहीत. नावातला आकडा विसरून, त्याच्या बऱ्याच खाली राहूनच ते वापरावं.

नावावरून फसगत होण्याची आणखी एक जागा आहे. 'मिनी एल२९८एन' म्हणून एक छोटं लाल बोर्ड विकलं जातं. त्यावर एल२९८ नसतेच. सहसा एमएक्स१५०८ जातीची मॉसफेट चिप असते, जिची व्होल्टेज मर्यादा खूपच कमी असते. मोठ्या भावाच्या भरवशावर १२ व्होल्ट दिले की ती जळते. बोर्ड घेताना चिपवर कोरलेला नंबर वाचावा आणि त्याच नंबरचं डेटाशीट उघडावं.

आता वर सोडलेला मुद्दा: सतत करंट स्टॉलपेक्षा कमी असेल तर काय? आपल्याच उदाहरणात ४ ओहमची मोटर, ८.४ व्होल्ट आणि टीबी६६१२. ड्रायव्हरचा अर्धा ओहम धरून स्टॉल करंट ८.४ भागिले ४.५, म्हणजे सुमारे १.९ अँपिअर. मर्यादा १.२. पण मोटर मुळात ६ व्होल्टची आहे, तिला ८.४ द्यायचं कारणच नाही. कोडमध्ये पीडब्ल्यूएमची (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी करण्याची पद्धत) कमाल ७० टक्क्यांवर बांधली तर मोटरला सरासरी ५.९ व्होल्ट मिळतात आणि स्टॉल करंट १.३ च्या आसपास येतो. तेवढ्यावर ड्रायव्हर सुरुवातीचा धक्का सहज झेलतो. अडकलेलं चाक ओळखण्यासाठी एन्कोडर, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारा सेन्सर, असेल तर अर्ध्या-पाऊण सेकंदात मोटर बंद करायची तजवीजही करता येते. काही चिपमध्ये करंट आवरायची सोय आतच असते. डीआरव्ही८८७१ वर एका रेझिस्टरने मर्यादा ठरवता येते, आणि ती ओलांडली की चिप स्वतःहून करंट कापते. महागड्या गिअरबॉक्सच्या मोटरसाठी ही सोय मोलाची आहे, कारण करंट म्हणजेच जोर, आणि जोर आवरला की गिअरही सुरक्षित.

पीडब्ल्यूएमच्या फ्रीक्वेन्सीबद्दल, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतं याबद्दल, थोडंच सांगतो. अर्डुइनो उनोवर बहुतेक पिनांना ती ४९० हर्ट्झ असते आणि ५ व ६ क्रमांकाच्या पिनांना ९८०. ती कानाला ऐकू येते, म्हणून मोटर कुईं करते. २० किलोहर्ट्झच्या वर नेली तर आवाज ऐकू येत नाही. टीबी६६१२ ला १०० किलोहर्ट्झपर्यंत चालतं. एल२९८एन हळू आहे, तिथे फ्रीक्वेन्सी वाढवली की उष्णता वाढते.

जोडणीत मात्र घाई नको. चांगला ड्रायव्हर निवडूनही रोबो इथे बिघडतो. कंट्रोलरचं ग्राउंड (ऋण टोक) आणि ड्रायव्हरचं ग्राउंड एकत्र जोडलेलंच हवं, बॅटऱ्या वेगळ्या असल्या तरी. मोटरचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नये. त्यातल्या पत्र्याच्या चिमट्या एवढ्या भाराच्या नसतात. ड्रायव्हरच्या बॅटरी-टोकांपाशी, अगदी जवळ, १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावा, ज्याचं व्होल्टेज रेटिंग बॅटरीपेक्षा ऐसपैस असेल. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर डाग देऊन बसवला की ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच दबतो. मोटर सुरू होताच कंट्रोलर रीसेट होत असेल तर बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी कोसळतं आहे. कंट्रोलरला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) द्या किंवा जास्त करंट देऊ शकणारी बॅटरी घ्या. एल२९८एन मॉड्यूलवरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर यासाठी वापरायचा असेल तर त्याला ७ व्होल्टच्या आसपास किंवा जास्त मिळायला हवेत, आणि बॅटरी १२ व्होल्टच्या वर असेल तर त्याचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढूनच टाकावा.

आणखी एक बारकावा, जो सहसा कोणी सांगत नाही. ब्रेक लावताना किंवा वेग उतरवताना मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा मागे ढकलते. बॅटरी ती गिळते. पण रोबो टेबलावर अॅडॅप्टरवर चालवत असाल, तर बहुतेक अॅडॅप्टरना करंट परत घेता येत नाही आणि ड्रायव्हरपाशी व्होल्टेज चढतं. उलट्या जोडणीपासून वाचायला मध्ये डायोड टाकला असेल तरी हेच होतं. मर्यादेच्या काठावर चालणारा ड्रायव्हर अशा वेळी जाऊ शकतो.

टीबी६६१२ किंवा डीआरव्ही८८३३ नवा लावल्यावर मोटर अजिबात हलत नसेल, तर आधी स्टँडबाय किंवा स्लीप नावाची पिन बघा. तिला हाय केल्याशिवाय, म्हणजे कंट्रोलरच्या व्होल्टेजवर नेल्याशिवाय, चिप झोपलेलीच राहते, आणि चांगलं मॉड्यूल खराब समजून बाजूला टाकलं जातं. त्याच पिनला ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावलात तर कंट्रोलर सुरू होत असताना रोबो भलतीकडे पळत नाही.

हे सगळं ब्रशच्या डीसी मोटरबद्दल झालं. छोट्या सर्व्होमध्ये ड्रायव्हर आतच असतो, त्याला नुसता सिग्नल आणि पुरेसा करंट देणारी वीज हवी. स्टेपर मोटरला ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ सारखा करंट बांधून देणारा ड्रायव्हर लागतो, आणि तीन तारांच्या ब्रशलेस मोटरला ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. एच-ब्रिजवर त्या नीट चालवायचा खटाटोप करू नये.

पहिल्यांदा वीज देताना रोबो एखाद्या खोक्यावर ठेवा, चाकं अधांतरी. पीडब्ल्यूएम ३० टक्क्यांवर ठेवून दोन्ही दिशा तपासा. मग जमिनीवर ठेवून दोन-तीन मिनिटं वळवत, थांबवत चालवा, बंद करा आणि लगेच चिपजवळ बोट न्या. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून एका मोटरचा चालतानाचा करंट मोजा आणि तो आकडा डेटाशीटमधल्या सतत करंटशेजारी लिहा.